डिप्रेशनमध्ये सिगारेट खरंच आधार देते का?

ऋतुजा_क

माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेतोय. सिगारेट त्याच्याही आधीपासून आहे. ‘सोड रे आता’ म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘एवढ्या एका गोष्टीने मला बरं वाटतं, तीही काढून घ्या.’ यावर घरात कुणाकडेच बोलायला काही उरत नाही. आई म्हणते, हे सगळे बहाणे. बाबा म्हणतात, त्याला आत्ता काही बोलू नका, आधी मन थाऱ्यावर येऊ दे, सिगारेटचं नंतर बघू. मला वाटलं, त्याचं म्हणणं खरं धरून बघावं. बरं वाटतं म्हणतो म्हणजे वाटतच असणार. ते कशामुळे वाटतं आणि त्या वेळी आत नक्की काय होतं, हे शोधायला लागले. जीवरसायनशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय, त्यामुळे मेंदूतल्या रसायनांबद्दलचं वाचन जमतं. उपचारांबद्दल मात्र इथल्या डॉक्टर मंडळींनी लिहावं अशी विनंती.

सुरुवात निकोटीनपासून. झुरका ओढला की १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचलेलं असतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना ज्या रसायनांनी निरोप देतात त्यातलं एक अ‍ॅसिटिलकोलीन. त्याच्यासाठी पेशींवर जे रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागा, असतात, त्यातल्या काहींवर निकोटीनही चपखल बसतं. व्यसनाच्या दृष्टीने त्यातला ‘अल्फा-४ बीटा-२’ हा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. मध्यमेंदूत व्हेंट्रल टेगमेंटल एरिया नावाचा एक लहानसा भाग आहे. तिथले हे रिसेप्टर चाळवले की न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स या मेंदूच्याच दुसऱ्या भागात डोपामिन हे रसायन सुटतं. डोपामिनला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते मला पटत नाही. ‘हे लक्षात ठेव, हे पुन्हा कर’ असं मेंदूला बजावणं हे त्याचं मोठं काम. म्हणून तर सिगारेट आवडेनाशी झालेली माणसंही ती ओढत राहतात.

निकोटीन सारखं सारखं येत राहिलं की हे रिसेप्टर बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. २००६ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी पेट स्कॅन करून दाखवलं की एकदोन झुरक्यांतच असे निम्मे रिसेप्टर व्यापले जातात आणि तीनेक तास तसेच राहतात. अख्खी सिगारेट ओढली तर ८८ टक्क्यांहून जास्त. रक्तातलं निकोटीन मात्र साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. रात्रभराच्या झोपेत ते तळाला जातं, आणि संख्येने वाढून बसलेले ते रिसेप्टर सकाळी रिकामे असतात.

त्या रिकाम्या रिसेप्टरांची सकाळ आमच्या घरी रोज दिसते. डोळे नीट उघडायच्या आत त्याचा हात उशाजवळच्या पाकिटाकडे जातो. पहिले चारपाच झुरके होईपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हा अलिखित नियम. मग खांदे जरा खाली येतात, कपाळावरची आठी सुटते आणि तो विचारतो, ‘काय म्हणत होतीस?’ बघणाऱ्याला वाटावं, सिगारेटने माणूस माणसात आला. पण ती आठी रात्रीतून आली कुठून? ती निकोटीन उतरल्याची होती. अँड्र्यू पॅरट या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली हेच सविस्तर मांडलं होतं: ओढणाऱ्याला सिगारेटनंतर जे शांत वाटतं, ती साधारण न ओढणाऱ्याची नेहमीची पातळी असते, आणि दोन सिगारेटींच्या मधल्या वेळात तो तिच्याही खाली जातो. दिवसभरात हे चढउतार किती वेळा होत असतील याचा विचार करा. ज्याचं मन आधीच खचलेलं आहे त्याला प्रत्येक उतार ‘माझं डिप्रेशन’ वाटतो आणि प्रत्येक चढ ‘सिगारेटचा उपकार’.

इथेच थांबले असते तर आईचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण पुढे जे वाचलं त्याने मला भावाची बाजूही घ्यावी लागली.

मेंदूत मोनोअमाइन ऑक्सिडेज, थोडक्यात एमएओ, नावाचं एन्झाइम असतं. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचं काम झालं की ते त्यांचं विघटन करतं. १९५० च्या दशकात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं औषध देताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की रुग्णांचं मन चांगलंच उत्साही होतंय. हे औषध एमएओला अडवत होतं. डिप्रेशनवरच्या पहिल्या औषधांचा एक गट यातूनच निघाला.

आता १९९६ सालचं काम बघा. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जोआना फाउलर आणि सहकाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांचे मेंदू पेट स्कॅनने तपासले. न ओढणाऱ्यांच्या तुलनेत एमएओचा बी प्रकार त्यांच्यात सुमारे ४० टक्के कमी, आणि ए प्रकार सुमारे २८ टक्के कमी निघाला. निकोटीनने हे होत नाही. धुरातल्या इतर घटकांनी होतं. हारमान आणि नॉरहारमान ही त्यातली दोन नावं. म्हणजे सिगारेटच्या धुरात डिप्रेशनच्या एका जुन्या औषधासारखं काम करणारं काहीतरी खरोखर आहे. ते अर्धवट आहे, कच्चं आहे, आणि सोबत फुफ्फुसं आणि हृदय जाळत येतं. पण ‘मला बरं वाटतं’ हे वाक्य थाप नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपण त्याला खोटं पाडायला गेलो की संवाद तिथेच संपतो.

याची दुसरी बाजू सोडताना दिसते. टोरांटोतल्या एका गटाने २०११ साली दाखवलं की रोज भरपूर ओढणाऱ्यांनी सिगारेट थांबवली की सुरुवातीच्या तासांतच प्रीफ्रंटल आणि अँटीरियर सिंग्युलेट या भागांतली एमएओ-ए वाढते. मूड सांभाळणारे हेच ते भाग. इतके दिवस अडवलेलं एन्झाइम एकदम जोरात कामाला लागतं आणि सेरोटोनिन वगैरेंचा फडशा पाडतं. त्याच वेळी निकोटीन नाही म्हणून डोपामिनही खाली. सोडल्यावरचे पहिले काही दिवस इतके काळे का जातात, याचं यात बरंचसं उत्तर आहे.

मग आधी काय? डिप्रेशनमुळे सिगारेट की सिगारेटमुळे डिप्रेशन? दोन्हीकडून पुरावे आहेत. सिगारेट सोडण्यासाठीच्या एका औषधाची चाचणी चालू असताना अलेक्झांडर ग्लासमन यांना १९८८ साली आढळलं की चाचणीत आलेल्या ओढणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी मोठं डिप्रेशन येऊन गेलं होतं. पुढे जनुकांच्या आधारे कार्यकारण तपासणारे अभ्यास झाले, त्यांतूनही बाण दोन्ही दिशांना जाताना दिसतो. आणि सोडल्यानंतरचं? २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सोडलेल्यांमध्ये नैराश्य, चिंता, ताण तिन्ही कमी झालेले होते, आणि हे मानसिक आजार असलेल्यांनाही लागू होतं. सुधारणेचं प्रमाण डिप्रेशनच्या औषधांच्या तोडीचं निघालं. ज्यांचं मन आपोआप सुधारलं त्यांनाच सोडणं जमलं असेल, अशी शंका घेता येते आणि ती रास्त आहे. तरी २०२१ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १०२ अभ्यास तपासले तेव्हाही सोडल्याने मन दीर्घकाळ बिघडतं असं काही दिसलं नाही.

म्हणून ‘आधी डिप्रेशन बरं होऊ दे, मग सिगारेट’ हा बाबांचा क्रम मला आता मान्य नाही. सिगारेट सोडणं हा डिप्रेशनच्या उपचाराचाच भाग धरावा, आणि उपचारासारखीच त्याची तयारी करावी. ‘उद्यापासून बंद’ असं त्याच्या अंगावर टाकू नये. ज्यांनी हे केलंय त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.


गिरीश_मो

ऋतुजा, फार नेमकं लिहिलंत. मी डिप्रेशनमधून गेलोय आणि सिगारेटही सोडलीये, दोन्ही एकाच काळात. त्यामुळे तुमच्या भावाच्या वाक्यावर मी हसणार नाही. मीही हेच म्हणायचो, अगदी याच शब्दांत.

लोक तलफेबद्दल बोलतात. तलफ येते, पाचदहा मिनिटं हैराण करते आणि जाते, तिच्याशी झुंजता येतं. मला जड गेला तो सपाटपणा. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट सांगतो. आंघोळ करून बाहेर आलो, हातात ओला टॉवेल. तो दोरीवर टाकायचा की खुर्चीवर, एवढंच ठरवायचं होतं. मी तिथेच उभा. टॉवेलचं पाणी पायावर ठिबकतंय आणि मला ठरवता येत नाहीये. रडू नाही, दुःख नाही, काहीच नाही. एरवी अशा वेळी मी सिगारेट पेटवली असती आणि त्या धुरासोबत पुढचं काम आपसूक सुचलं असतं. त्या क्षणी मला शंभर टक्के खात्री झाली की माझं डिप्रेशन उलटलं आणि सिगारेटशिवाय मी जगूच शकत नाही.

मला वाचवलं ते माझ्या डॉक्टरांच्या आधीच सांगून ठेवलेल्या एका वाक्याने: ‘दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर तुम्हाला जे वाटेल त्यावरून आयुष्याबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका, फक्त मला फोन करा.’ मी फोन केला. त्यांनी निकोटीनच्या पॅचसोबत निकोटीनचं च्युइंगमही चालू करायला सांगितलं आणि दोन दिवसांनी बोलावलं. डिप्रेशनची गोळी होती तशीच चालू.

एक प्रश्न आहे. तो सपाटपणा एका रात्रीत गेला नाही, पण काही आठवड्यांनी कधीतरी लक्षात आलं की गाणं ऐकताना पुन्हा अंगावर काटा येतोय. हे त्या रिसेप्टरांशी जुळतं का?


ऋतुजा_क

गिरीश, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. टॉवेलचा प्रसंग मी भावाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘हे असंच असतं.’

हो, जुळतं. २००९ साली येल विद्यापीठातल्या अभ्यासात सोडलेल्यांचे रिसेप्टर ठरावीक अंतराने मोजले होते. चार आठवड्यांपर्यंत ते वाढलेलेच होते आणि ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आले. चिडचिड, अस्वस्थता, झोपेचा बोजवारा ही लक्षणं साधारण पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. आनंद पुन्हा जाणवायला मात्र वेळ लागतो असं बरेच जण सांगतात. एमएओचीही पातळी सोडलेल्यांमध्ये पूर्ववत आढळली आहे. मेंदू जसा सिगारेटशी जुळवून घेतो तसा तिच्याशिवायही घेतो, त्याला तेवढे आठवडे द्यावे लागतात.


प्रभाकर ना

इतका खल कशाला करायचा हे कळत नाही. आमच्या काकांनी एका दिवसात सिगारेट सोडली, पुन्हा हात लावला नाही. मनाचा निर्धार हवा. रसायनांची नावं घेतली की माणसाला आयतं निमित्त मिळतं.


गिरीश_मो

प्रभाकरकाका, तुमच्या काकांना मानलं. पण त्यांना डिप्रेशन होतं का? निर्धार हे जे काही आहे, तेही त्याच मेंदूतून येतं, आणि डिप्रेशनमध्ये पहिल्यांदा मार तिथेच बसतो. मला अंथरुणातून उठायलाच दिवसाचा सगळा निर्धार खर्ची पडायचा. औषध घेऊन सोडली म्हणून माझं सोडणं कमी प्रतीचं ठरत नाही.


ऋतुजा_क

काका, निमित्त मिळेल ही भीती मला समजते. माझ्या घरात उलटं घडलं. ‘तुला कमकुवत म्हणून सुटत नाहीये असं नाही, आत हे हे चाललंय’ असं सांगितल्यावर भाऊ पहिल्यांदा या विषयावर पाच मिनिटं बसून बोलला. याआधी तो उठून जायचा.


डॉ_वैशाली

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. ऋतुजा, तुमची मांडणी चांगली आहे. काही गोष्टी जोडते, काहींवर जरा वेगळं मत देते.

आधी औषधांबद्दल. सिगारेट सोडायला तीन प्रकारची मदत नीट तपासलेली आहे. एक, निकोटीनचाच त्वचेवर लावायचा पॅच, च्युइंगम किंवा लोझेंज, म्हणजे चोखायची गोळी. पॅच आणि च्युइंगम एकत्र दिलं तर एकट्या पॅचपेक्षा फायदा जास्त. दोन, ब्युप्रोपिऑन. हे मुळात डिप्रेशनचंच औषध, डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन टिकवून धरणारं, आणि अमेरिकेत १९९७ पासून धूम्रपान सोडण्यासाठीही मान्य. फिट येण्याचा त्रास असलेल्यांना किंवा खाण्याशी संबंधित काही मानसिक विकार असलेल्यांना मी ते देत नाही. तीन, व्हरेनिक्लिन. ते ऋतुजांनी सांगितलेल्या अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टरवरच जाऊन बसतं, त्याला अर्धवट चाळवतं, त्यामुळे तलफ कमी होते, आणि जागा अडवून ठेवल्याने सिगारेट ओढली तरी तिचा प्रभाव फारसा पडत नाही.

व्हरेनिक्लिनने मन बिघडतं, आत्महत्येचे विचार येतात, ही भीती बरीच वर्षं होती आणि औषधावर तसा ठळक इशाराही होता. तो तपासायला ‘ईगल्स’ नावाची मोठी चाचणी झाली. २०१६ साली तिचे निष्कर्ष आले: ८ हजारांवर लोक, त्यातल्या जवळपास निम्म्यांना मानसिक आजार असलेला किंवा होऊन गेलेला. व्हरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑनने असे दुष्परिणाम पॅच किंवा खोट्या गोळीच्या तुलनेत लक्षणीय वाढले नाहीत, आणि सोडायला सगळ्यात जास्त मदत व्हरेनिक्लिनने झाली. त्याच वर्षाच्या अखेरीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने तो इशारा काढला. तरीही अजून कितीतरी रुग्णांना ‘डिप्रेशन आहे ना, मग ही औषधं नकोत’ असं सांगून परत पाठवलं जातं. मला याचं वाईट वाटतं. ज्यांना सोडायची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच मदत सगळ्यात उशिरा मिळते.

आता जो मुद्दा घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही तो. सिगारेटच्या धुरातले काही हायड्रोकार्बन यकृतातलं सीवायपी-१ए२ हे एन्झाइम वाढवतात. हे एन्झाइम काही औषधं झपाट्याने निकामी करतं, म्हणून ओढणाऱ्यांना ती औषधं जास्त मात्रेत लागतात. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही गंभीर मानसिक आजारांवरची औषधं याची ठळक उदाहरणं. डिप्रेशनच्या औषधांपैकी ड्युलोक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन. सिगारेट थांबली की काही दिवसांत एन्झाइम मूळ पातळीवर येतं आणि त्याच गोळीची रक्तातली मात्रा वाढते. क्लोझापिनच्या बाबतीत हे धोकादायक ठरू शकतं. निकोटीनचा पॅच लावला तरी हे टळत नाही, कारण हे धुराचं काम आहे. म्हणून सोडायची तारीख तुमच्या डॉक्टरांना आधी कळलीच पाहिजे. कॅफिनचंही तेच. तेवढीच कॉफी प्यायलात तरी रक्तात ते जवळपास दुप्पट होतं. मग छाती धडधडते, झोप उडते, हात थरथरतात, आणि माणूस म्हणतो ‘सिगारेट सोडल्याने माझी अँग्झायटी वाढली’. कॉफी निम्मी करा, मग बोलू.

आता मतभेद. सोडल्यावर सरासरी माणसाचं मन सुधारतं हे खरं. पण सरासरी म्हणजे तुमचा भाऊ नव्हे. ग्लासमन यांच्याच २००१ सालच्या अभ्यासात, आधी डिप्रेशन येऊन गेलेल्यांपैकी ज्यांनी सोडलं त्यांच्यात ते उलटण्याचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा जास्त दिसला, आणि काही महिने राहिला. यावरून ‘सोडू नका’ असं मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि नंतर निदान सहा महिने रुग्णाला बघत राहावं, असं म्हणेन. सोडून दोनतीन आठवडे उलटले आणि मन वर यायच्या ऐवजी खालीच चाललंय, भूक-झोप गेलीये, ‘मी कुणाच्या कामाचा नाही’ असं बोलणं सुरू झालंय, तर त्याला ‘सिगारेट उतरतेय’ म्हणून झटकू नका. आणि मरणाचे विचार आले तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगायचं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा इस्पितळात जायचं. अशा वेळी सिगारेट पुन्हा ओढली गेली तर तो दुय्यम प्रश्न आहे, त्यावरून बोलणं नको.


निळाई

छान चर्चा. मला रसायनांमधलं फार कळत नाही, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझा नवरा डिप्रेशनमध्ये होता तेव्हा दिवसाला आकार देणारी एकच गोष्ट होती, सिगारेट. उठल्यावर एक, जेवल्यावर एक, कुणाचा फोन आला की एक. तिच्यासाठी तो गॅलरीत यायचा, उजेड अंगावर पडायचा, शेजारच्या गॅलरीतल्या माणसाशी दोन शब्द व्हायचे. सिगारेट बंद झाली आणि सुरुवातीला गॅलरीही बंद झाली. मग तो दिवस दिवस खोलीतच. त्या जागी आम्ही दुसरं काही ठरवलंच नव्हतं.


डॉ_वैशाली

निळाई, हे फार मोलाचं लिहिलंत. मेंदूतल्या रसायनांवरच सगळी भिस्त ठेवू नये, असं मला जे वर म्हणायचं होतं ते हेच. डिप्रेशन म्हणजे एखाद्या रसायनाची टंचाई इतकं ते सरळ नाही. सिगारेट काढताना तिच्यासोबत येणारी विश्रांती, उजेड, माणसं, हाताला चाळा, हे सगळंही निघून जातं. म्हणून मी रुग्णाला सिगारेटींची यादी करायला सांगते आणि प्रत्येकीच्या पुढे लिहायला लावते की ती कशासाठी होती. जी गॅलरीसाठी होती तिच्या वेळी गॅलरीत जायचंच, सिगारेटशिवाय. छोटी छोटी कामं वेळापत्रकात बसवण्याची बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन ही पद्धत डिप्रेशनच्या उपचारात आहेच. आणि सोडण्याच्या समुपदेशनात मूड सांभाळण्याचा भाग घातला तर डिप्रेशन असलेल्यांचं यश वाढतं, हेही तपासून झालेलं आहे.


समीर_वाचक

दोन शंका. डॉक्टर, मग ई-सिगारेट चालेल का? आणि निकोटीनने मूड सुधारत असेल तर डिप्रेशनसाठी नुसता पॅच का नाही देत?


ऋतुजा_क

समीर, रसायनाच्या अंगाने मी सांगते, बाकी डॉक्टर सांगतीलच. ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही, म्हणून धुरातले ते एमएओ अडवणारे घटक तिच्यात फारसे नसतात. निकोटीन मात्र असतंच आणि झटपट पोहोचतं. त्यामुळे रिसेप्टर भरणं-रिकामं होणं, तलफ, चढउतार हा खेळ तसाच चालू राहतो. कधीच न ओढणाऱ्या तरुण मुलांनी ‘टेन्शन कमी करायला’ ती हातात घेणं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. पौगंडावस्थेत मेंदूची ही जोडणी अजून चालू असते.


डॉ_वैशाली

सहमत. आणि पॅचचं असं, डिप्रेशनसाठी त्याचे लहान प्रयोग झालेत, पण उपचार म्हणून मान्यता नाही. मी देणार नाही आणि कुणी आपल्या मनाने लावूही नये.


ऋतुजा_क

डॉक्टर, एक शेवटची विचारणा. भाऊ त्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे या विषयासाठी यायला तयार झालाय. सोडेन असं म्हणाला नाही, ‘विचारून बघू’ म्हणाला. मला तेवढं पुरेसं आहे. जाताना काय तयारी न्यावी? आणि पॅच लावला तर रात्री भलतीसलती स्वप्नं पडतात असं त्याने कुठेतरी ऐकलंय, त्याची त्याला धास्ती आहे.


डॉ_वैशाली

खूप छान. तुम्ही सोबत जा, पण बोलू त्याला द्या.

स्वप्नांचा त्रास काहींना होतो, खरं आहे. तसं झालं तर झोपताना पॅच काढायचा आणि सकाळी नवा लावायचा. सकाळची पहिली तलफ मग जरा जोरात येते, तेव्हा उठल्या उठल्या च्युइंगम किंवा लोझेंज घेता येतं. च्युइंगम सारखं चघळायचं नाही. तोंडात चुरचुरलं की गालाच्या आत दाबून ठेवायचं, चुरचुर कमी झाली की पुन्हा चघळायचं.

तयारी म्हणाल तर एका कागदावर लिहून न्या: दिवसाला किती सिगारेटी, उठल्यापासून किती मिनिटांत पहिली, दिवसभरात कॉफी किती, आधी कधी फिट आली होती का, याआधी सोडायचा प्रयत्न केला तेव्हा मन कसं होतं, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं मात्रेसकट. पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत असेल तर ते नक्की सांगा, त्यावरून निकोटीनची मात्रा ठरवायला सोपं जातं. आणि ब्युप्रोपिऑनचा विषय निघाला तर सध्याच्या डिप्रेशनच्या गोळीसोबत ते चालतं का, हे विचाराच. काही गोळ्यांची रक्तातली मात्रा त्याने वाढते.